हेझल का थांबत होती: फोंड्यातलं एक प्रकरण

"टीचर, हेझल आता थकली. तिला रिटायर करायची वेळ आली असं दिसतंय."

भाईंचा हा फोन पहिल्या श्रावणी सोमवारी रात्री आला. भाई दृष्टिहीन आहेत, आणि हेझल ही त्यांना वाट दाखवणारी मार्गदर्शक कुत्री. त्या दिवशी सकाळी बसस्टँडकडे जाताना त्यांच्या नाकावर दोरी बसली होती. काळा चष्मा पडून फुटला, नाकाच्या हाडावर आडवा वळ उठला. चष्म्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. हेझलने दोरी चुकवली नाही, हे त्यांना खुपत होतं. शिवाय गेले बारा-तेरा दिवस ती त्याच वाटेवर काही कारण नसताना थांबत होती, आणि जिथे खरंच थांबायला हवं होतं तिथे चालत राहिली. दोन्ही गोष्टींची बेरीज करून त्यांनी निष्कर्ष काढला होता: कुत्रीचं लक्ष उडालं.

बेरीज चुकली होती. ती कुठे चुकली हे शोधायला मला चार सकाळी लागल्या, आणि त्यातल्या तीन मी वाया घालवल्या. प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते त्या तीन सकाळींमुळे.

आधी माझ्याबद्दल थोडं. दृष्टिहीनांना एकट्याने हिंडायला-फिरायला शिकवणं हे माझं काम. माझी सगळी हयात पांढऱ्या काठीत गेली. कुत्रा शिकवणं माझं क्षेत्र नाही, आणि गोव्यात मार्गदर्शक कुत्रा घेऊन रोज कामावर जाणारा माणूस मी भाईंच्या आधी पाहिलेला नव्हता. आमची ओळख पणजीत पर्पल फेस्टमध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या महोत्सवात, झाली. 2023 च्या जानेवारीत तो पहिल्यांदा भरला, त्यानंतरच्या एका वर्षीची ही गोष्ट. हेझलभोवती सेल्फीवाल्यांचा गराडा पडला होता आणि भाई मधे उभे राहून प्रत्येकाला तेच सांगत होते: "ती कामावर आहे. हात लावू नका, तिच्याशी बोलू नका." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते परत येणार आहे.

भाई हे काही त्यांचं नाव नव्हे. फोंड्याच्या बाजारात त्यांना सगळे भाई म्हणतात, म्हणून इथेही तेच. वय एक्केचाळीस. आजार रेटिनायटिस पिगमेंटोसा. लहानपणी रातांधळेपणापासून सुरुवात झाली, संध्याकाळच्या आरतीहून परतताना ते आईचा पदर धरून चालत. मग नजर कडेकडेने आवळत गेली, नळीतून पाहिल्यासारखी. दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यात अंधत्व नुसत्या नजरेच्या धारेवर मोजलेलं नाही. दृष्टीचा पट्टा दहा अंशांहून कमी राहिला तरी तो माणूस कायद्याने अंध ठरतो. भाईंचं असंच झालं. समोरच्या फळ्यावरची अक्षरं वाचता येत होती, आणि पायाजवळची बादली दिसत नव्हती. तिशी उलटेपर्यंत तेही गेलं. तेव्हा ते अमेरिकेत नोकरीला होते. हेझल त्यांना तिथल्या एका प्रशिक्षण शाळेतून मिळाली. आई एकटी पडली म्हणून तीन वर्षांपूर्वी ते खडपाबांधच्या घरी परतले, तेव्हा बॅगांबरोबर हेझलही आली. आता पणजीत पाटोवर एका कार्यालयात ते संगणकावर काम करतात, स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने.

हेझल पिवळी लॅब्रॅडॉर, सात वर्षांची, सत्तावीस किलो. भाईंची आई तिला हेजू म्हणते. बाजारात तिची हेजल, एझल आणि क्वचित "अमेरिकेची" अशी नावं आहेत.

त्यांचा दिवस पहाटे सव्वापाचला सुरू होतो. पट्टा लावून परसात, माडाच्या बुंध्याकडे. इथे भाई एक गोष्ट करतात जी मला फार आवडते: उजवा हात हलकेच हेझलच्या पाठीवर ठेवून उभे राहतात. पाठ सरळ उतरती असेल तर लघवी. पाठ कमानीसारखी वर आली तर दुसरं. कमान झाली की ते आपला पाय तिच्या मागच्या पायाशी टेकवून जागा पक्की करतात, हातात प्लॅस्टिकची पिशवी उलटी घालतात आणि एका फटक्यात उचलतात. एकदाही चुकताना मी पाहिलं नाही. डोळे शाबूत असलेले कितीतरी कुत्रेवाले हे करत नाहीत, पण तो वेगळा विषय.

मग मोजून खाणं. वाटीला आतून एक खूण आहे, तिच्यापर्यंत. लॅब्रॅडॉर ही जात पोटाने कायम उपाशी असते, तिचं वजन वाढलं की सांधे धरतात आणि कामाची वर्षं कमी होतात. आईंना हे पटत नाही. त्यांच्या मते मुलगा कुत्रीला उपाशी मारतो.

पावसाळ्यात तयारीला जास्त वेळ लागतो. गोव्यात वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. भाई छत्री घेत नाहीत. डाव्या हातात हार्नेसची, म्हणजे हेझलच्या अंगावर बांधलेल्या साजाची, मूठ असते, उजवा हात मोकळा लागतो. शिवाय छत्रीवरच्या पावसाच्या ताशात गाडीचा आवाज बुडतो. रेनकोटची टोपीही ते डोक्यावर ओढत नाहीत, कान झाकले जातात म्हणून. डोक्याला पुढे चोच असलेली टोपी घालतात आणि भिजतात. सात-दहाला घर सोडायचं, वीस मिनिटं चालायचं, स्टँडवर पणजीची बस धरायची.

बसचं प्रकरण सुरुवातीला बरंच गाजलं. एका कंडक्टरने पहिल्या आठवड्यात दोनदा चढू दिलं नाही. कायद्यातलं 41 वं कलम वाहतूक सर्वांना वापरता यावी याबद्दल आहे, ते मी छापून भाईंच्या खिशात दिलं होतं. कलमाचा काही उपयोग झाला नाही. सकाळी साडेसातला, ड्रायव्हर हॉर्न वाजवत असताना, कायदा कोण वाचतो? उपयोग झाला तो एका प्रवाशाने "चढूं दी रे" म्हणून आवाज दिला त्याचा, आणि नंतर हेझल सीटखाली घडी करून ठेवलेल्या चादरीसारखी बसली त्याचा. बाणस्तारीचा पूल येईपर्यंत तिच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. आता तोच कंडक्टर पुढची सीट राखून ठेवतो.

संध्याकाळी सहाच्या पुढे घरी. हार्नेस उतरला की हेझल निराळीच कुत्री असते: पाठीवर लोळते, चप्पल पळवते, आईंच्या मागे मागे चुलीपाशी जाते. जेवणाआधी गोचिडांची पाहणी. भाई कानाच्या पाळीपासून सुरू करतात, बोटांची टोकं केसांच्या उलट दिशेने, कान, मान, काखा, बोटांमधल्या फटी. गोचीड तांदळाच्या कण्याएवढी असली तरी त्यांना लागते. पावसाळ्यानंतरच्या दिवसांत रोज दोन-तीन निघतात. गोचिडांच्या तापाने आमच्या आळीतले धडधाकट कुत्रे आठवड्याभरात गेलेले मी पाहिलेत, त्यामुळे ही वीस मिनिटं भाई कधीच चुकवत नाहीत.

आता मूळ तक्रारीकडे.

मार्गदर्शक कुत्र्याबद्दल आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे: कुत्रा माणसाला नेतो. माणूस म्हणतो "स्टँडवर चल" आणि कुत्रा चालू लागतो. तसं नसतं. वाट माणसाच्या डोक्यात असते. किती वळणं, कुठला चढ, कुठे बेकरीचा वास, कुठे डाव्या गालावर वारा लागतो म्हणजे गल्ली आली, हा सगळा हिशेब भाईंचा. रस्ता कधी ओलांडायचा हेही तेच गाड्यांचा आवाज ऐकून ठरवतात. कुत्र्याचं काम मधल्या जागेचं: सरळ रेषा धरणं, पायरीपाशी थांबणं, खड्डा आणि खांब चुकवणं. आणि एक काम असं, जे काठीला जन्मात जमणार नाही. काठी जमीन वाचते. कमरेच्या वर जे काही असतं, उघडी खिडकी, ट्रकची मागची फळी, वाकलेली फांदी, ते काठीला कळत नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या कपाळावरच्या खुणा मी मोजायला बसले तर वही पुरणार नाही. कुत्र्याला मात्र स्वतःच्या डोक्यावरून सहज जाईल अशी वस्तूही अडथळा मानायला शिकवलेलं असतं, कारण शेजारचा माणूस तिला आपटेल. वाट काढता आली तर तो वळसा घेतो. नाही आली तर थांबतो.

आणि थांबल्यावर माणसाने "फॉरवर्ड" म्हटलं तरी हलत नाही. या शिक्षणातला हा सगळ्यात अवघड भाग. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्गला 1916 मध्ये अशी शाळा निघाली, पुढे 1929 मध्ये अमेरिकेत द सीइंग आय सुरू झाली, तेव्हापासून आजतागायत प्रशिक्षकांचा कस इथेच लागतो. आज्ञा पाळायला कुठलाही कुत्रा शिकतो. आज्ञा मोडायची कधी, हे शिकवायचं असतं. मी याला शहाणी अवज्ञा म्हणते.

कुत्रा थांबला की माणसाने काय करायचं, हेही ठरलेलं आहे. आधी पाय पुढे सरकवून जमीन चाचपायची. मग उजवा हात तोंडासमोर उचलून वरची जागा तपासायची. काही सापडलं तर शाबासकी. काही नाही सापडलं तर पुन्हा पुढे जायला सांगायचं. तरीही अडून राहिला तर पट्ट्याला हलका झटका.

भाई अकरा वर्षं हे करत आलेले. आधीचा एक कुत्रा, मग ही. त्यांच्या सांगण्याप्रमाणे हेझल पहिल्यांदा थांबली ती आषाढ संपायच्या सुमारास, स्टँडच्या अलीकडच्या गाड्यांच्या रांगेत. त्यांनी पाय सरकवला: सपाट लादी. हात उचलला: मोकळी हवा. पुढे चल म्हटलं, ती गेली. दुसऱ्या दिवशी तीच जागा, पुन्हा पाय, पुन्हा हात, पुन्हा काही नाही. चौथ्या दिवशी त्यांनी पट्ट्याला झटका दिला. सातव्या-आठव्या दिवसापासून हात उचलायचंच सोडून दिलं. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, मी खोदून विचारलं नव्हतं. "रोज काही नसायचं, टीचर. मग कशाला बघायचं?"

संध्याकाळी मात्र ती कुठे अडत नसे. परतीची बस रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला सोडते, त्यामुळे परतीची वाट वेगळी. हे मी वहीत टिपलं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

मंगळवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले आणि मागून चार पावलं अंतर ठेवून चालू लागले.

माझा पहिला संशय रस्त्यावरच्या कुत्र्यांवर होता. स्टँडच्या परिसरात चार-पाच आहेत. 2021 मध्ये सरकारने गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं, लसीकरणवाले जाळी घेऊन येतात, टोचून अंगावर रंगाची खूण करून सोडतात. तो भाग बरा चालला आहे. पण लस टोचलेला कुत्राही अंगावर धावून येऊ शकतो, आणि एकदा चावा बसलेली मार्गदर्शक कुत्री पुढे कायमची बिचकते. हेझल थांबली त्या जागी मी आजूबाजूला पाहिलं. एक तांबडा कुत्रा टेम्पोखाली झोपला होता. मी वहीत लिहिलं: "तांबडा कुत्रा?"

बुधवारी तांबडा नव्हता. हेझल तरी थांबली. मग मी वासाकडे वळले. सकाळी त्या बाजूने मासळीच्या टोपल्या जातात, लादीवर बर्फाचं पाणी सांडतं. हेझलचं नाक खाली नव्हतं, हे मला दिसत होतं, तरी मी लिहिलं: "मासळी?" गुरुवारी मी लादीच तपासली. गटारावरची एक लादी पाय ठेवल्यावर किंचित हलत होती. वाटलं, सापडलं. भाईंना हात धरून तिच्यावर उभं केलं. ते म्हणाले, "ही मला माहीत आहे. ती इथे थांबत नाही, दोन पावलं अलीकडे थांबते."

तोवर आणखी एक बिघाड माझ्या लक्षात आला होता, आणि तो जास्त गंभीर होता. हेझल आता फक्त तिथेच थांबत नव्हती. बेकरीपाशी रेंगाळत होती, कोपऱ्यावर मागे वळून भाईंच्या तोंडाकडे बघत होती. घर ते स्टँड या अंतरात मी अकरा अडखळणी मोजल्या. तिची शेपटी हार्नेसखाली चिकटल्यासारखी होती. भाईंचा हात मुठीवर इतका आवळलेला की बोटांची पेरं पांढरी पडली होती. ती मूठ ताठ असते, तिच्यातून हाताचा ताण सरळ कुत्र्याच्या खांद्यात उतरतो. दोघंही एकमेकांना घाबरून चालत होते.

शुक्रवारी मी मागून चालायचं सोडून रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले आणि मोबाईलवर चित्रण केलं. तेव्हाही प्रत्यक्षात काही दिसलं नाही. माझी नजर हेझलच्या पायांवर. रात्री घरी बसून चित्रण सावकाश फिरवलं, तिसऱ्या वेळी चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

एक बांबू.

त्या जागी फुलांचा गाडा आहे. शेवंती, झेंडू, अबोलीचे वळेसर म्हणजे गजरे, श्रावणात बेल आणि दूर्वा. पावसासाठी गाड्यावर निळी ताडपत्री आहे. जुलैच्या वाऱ्यात तिचं एक टोक फाटलं, तेव्हा फुलवाल्या मावशीने जास्तीची एक दोरी ताडपत्रीपासून समोरच्या विजेच्या खांबापर्यंत, पदपथावरून आडवी, ओढून बांधली. उंची साधारण साडेपाच फूट. बाकीचे लोक न पाहताच मान वाकवून जातात, इतकी ती सवयीची. चित्रणात दिसतं ते असं: भाई आणि हेझल दहा पावलांवर येतात. मावशी हातातला वळेसर खाली ठेवते, बांबू घेते, दोरीखाली लावते आणि दोरी हातभर वर उचलून धरते. हेझल थांबते. भाई पट्ट्याला झटका देतात. दोघं पुढे जातात. मावशी बांबू काढते, दोरी खाली येते, वळेसर पुन्हा हातात. हे सगळं एक शब्दही न बोलता.

मी तीन दिवस त्या दोघांच्या मागून चार पावलांवर चालत होते. म्हणजे माझ्यासाठीसुद्धा मावशीने दोरी धरून ठेवली होती, आणि मी लादी तपासत होते.

शनिवारी मी गाड्यावर गेले. मावशीला आधी वाटलं मी दोरीबद्दल भांडायला आले. तिने लगेच सांगितलं की सोमवारी ती नव्हती. श्रावणी सोमवारी ती पहाटेच मंगेशीला देवळासमोर बसते, गाड्यावर भाचा होता, त्याला हे माहीत नव्हतं. "माझ्याच पोटात कालवलं गो बाय, भाईंचं नाक बघून." मी म्हटलं, मावशी, दोरीचं राहू दे. पण तुम्ही रोज उचलत होता तर भाईंना एकदा सांगायचं होतं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वेडी आहे.

"तांणींच सांगिल्लें न्हय, उलोवं नाकात म्हूण?"

भाई परतले त्या पहिल्या महिन्यात त्यांनी या रांगेतल्या प्रत्येक गाड्यावर जाऊन सांगितलं होतं: हेझल पट्ट्यात असताना बोलू नका, बोलावू नका, बिस्कीट घालू नका. गरजेचं होतं ते. सुरुवातीला चहाच्या गाड्यावरून रोज ग्लुकोजचं बिस्कीट पडत असे आणि हेझल त्या बाजूला ओढू लागली होती. सगळ्यांनी ऐकलं. मावशीने सगळ्यांहून जास्त ऐकलं. कुत्रीशी बोलायचं नाही म्हणजे भाईंशीही बोलायचं नाही, त्यांचं लक्ष विचलित होईल, अशी तिची समजूत. म्हणून ती मुकाट्याने दोरी उचलत होती.

आता हेझलच्या बाजूने बघा. समोर दोरी आहे, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. डावीकडे गाडा, उजवीकडे स्कूटरांची रांग, वळसा घ्यायला जागा नाही. ती शिकवल्याप्रमाणे थांबते. नेमकी त्याच क्षणी दोरी वर जाते. भाई हात उचलतात, हात मोकळ्या हवेत फिरतो. शाबासकी नाही. पुढच्या दिवशीही नाही. मग झटका. बारा सकाळी तिने बरोबर उत्तर दिलं आणि बारा सकाळी ते चूक ठरलं. तेराव्या दिवशी, त्या सोमवारी, ती पूर्ण थांबलीच नाही, नुसती मंदावली. भाईंनी ते मंदावणंही मोडून काढलं, "हप-अप", म्हणजे चल पुढे, म्हणून. आणि दोरी या वेळी खालीच होती.

भाईंना त्या सकाळी दोरी लागली तेव्हा ती त्यांच्या लेखी नवी होती, आजच कुणीतरी बांधलेली. रोजच्या थांबण्याशी तिचा संबंध असेल हे त्यांच्या मनात येणं शक्यच नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी मी त्यांना चित्रण ऐकवलं. दाखवता येत नाही, म्हणून सेकंदासेकंदाने सांगितलं: आता बांबू उचलला, आता दोरी वर, आता तुमचा हात. ते बराच वेळ गप्प होते. मग पायाशी झोपलेल्या हेझलच्या कानामागे बोटं घालून खाजवत राहिले. आईंनी आतून विचारलं, "काय म्हणते टीचर?" भाई म्हणाले, "हेजूला जास्त वाढ आज." मोजकी वाटी त्या रात्री मोडली.

दोरीचा प्रश्न रविवारी दहा मिनिटांत मिटला. भाच्याने शिडी लावून ती सात फुटांवर बांधली. दोरी उंच झाली म्हणून कुत्री लगेच बरी झाली, असं मात्र नाही. सोमवारी मोकळ्या वाटेवर हेझल त्याच जागी येऊन थबकली, मागे वळून पाहिलं आणि मान खाली घातली. तिला आता दोरीची भीती नव्हती. थांबावं की नाही, हेच तिला कळेनासं झालं होतं.

भाईंनी अमेरिकेतल्या शाळेच्या प्रशिक्षकाशी व्हिडिओवर बोलून घेतलं, आणि आम्ही अंगणात शाळा मांडली. माड आणि पडवीचा खांब यांच्यामध्ये दोरी, तिच्यावर आईंची जुनी ओली साडी. एक टोक आईंच्या हातात. हेझल यायची, थांबायची. भाई आधी हात वर करायचे, साडीला हात लावून ती तिला ऐकू येईल अशी थोपटायचे, "गुड गर्ल" म्हणायचे आणि खाण्याचा एक दाणा द्यायचे. मग आई दोरी सोडायच्या, वाट मोकळी. पुन्हा पहिल्यापासून. कधी दोरी, कधी आडवी काठी, कधी अर्धी उघडी खिडकी. रोज पंधरा मिनिटं, जास्त नाही. आई प्रत्येक वेळी दोरी सोडताना हसायच्या, त्यामुळे हेझलला हा खेळ वाटू लागला की काय कोण जाणे. वाटला असेल तर चांगलंच.

भाईंसाठी मी एकच नवा नियम घातला. पाय झाला, हात झाला, काही सापडलं नाही, तर झटका द्यायचा नाही. मोठ्याने विचारायचं: "इथे काही आहे का?" अकरा वर्षांत ते असं कधी विचारत नव्हते. परदेशात पदपथावर त्या वेळी विचारायला माणूसच नसतो, ही एक गोष्ट. दुसरी अशी की विचारलं म्हणजे कुत्रा कमी पडला अशी त्यांची भावना होती. त्यावर आमचा थोडा वाद झाला. माझं म्हणणं, फोंड्याच्या बाजारात वीस जोडी डोळे रिकामे बसलेले असतात, ते न वापरणं हा शुद्ध अपव्यय आहे.

मग आम्ही दोघं पुन्हा गाड्यागाड्यावर फिरलो. चौदा गाडे. जुनी सूचना दुरुस्त केली: कुत्रीशी नको, भाईंशी बोला. दोरी, शिडी, टेम्पो, पाण्याचा पिंप, काहीही आडवं असेल तर नाव घ्या आणि कुठे आहे ते सांगा. "सांभाळून" म्हणू नका. "सांभाळून" हा शब्द आंधळ्या माणसाला काहीच सांगत नाही, नुसता दचकवतो. "भाई, समोर दोरी, तोंडाशी" एवढं पुरे. चहावाल्याने विचारलं, बिस्कीट? नाही, बिस्कीट अजूनही नाही.

तीन आठवड्यांनी पुन्हा मोजलं. घर ते स्टँड दोन अडखळणी, त्यातली एक खरी: नगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाडीचं उघडं दार. शेपटी मोकळी. मुठीवरची बोटं सैल.

कुणी मला विचारतं, मग विद्यार्थ्यांना कुत्रा सुचवाल का? बहुतेकांना नाही. काठी काहीशे रुपयांत येते, ती आजारी पडत नाही, मेच्या डांबरावर तिचे पाय पोळत नाहीत. एप्रिलपासून भाई रोज तळहात रस्त्यावर टेकवून पाहतात, सात सेकंद टेकवता आला नाही तर हेझल उन्हात निघत नाही, मग रिक्षा. आपल्याकडे असे कुत्रे तयार करणाऱ्या, त्यांच्या मागे आयुष्यभर उभ्या राहणाऱ्या शाळांचं जाळं नाही. तीन-चार वर्षांत हेझल खरीच निवृत्त होईल तेव्हा भाई काय करतील, हे आम्ही दोघंही बोलायचं टाळतो. त्यांची घडीची काठी दाराच्या मागे टांगलेली असते. आठवड्यातून एकदा मी त्यांना ती घेऊन चालायला लावते. ते कुरकुरतात.

चवथीच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेले. तो माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांचा, बाजार. स्टँडकडची वाट त्या दिवशी वाट राहत नाही: दोन्ही बाजूंना रानातून आणलेली फळं-वेली पसरलेली, आंबाडे, तोरिंजण, कांगल्या, घागऱ्या, आणि डोक्यावर आडव्या बांबूंना टांगलेले नारळांचे आणि सुपारीचे घोस. डोळसांची डोकीसुद्धा आपटत होती. मी मागून चार पावलांवर, या वेळी नजर वर.

हेझल सरळ गेली, एका म्हातारीला वळसा घातला, टोपलीपाशी किंचित उजवीकडे सरली आणि मग थांबली. ठामपणे, चारी पाय रोवून. भाईंनी पाय सरकवला. मग हात वर केला. बोटं सुपारीच्या घोसाला लागली.

"गुड गर्ल."

"भाई, सुपारी आसा, तोंडाकडेन," विकणारा मागून ओरडला, थोडा उशिरा.

भाईंनी घोस सोडला नाही. हाताने वजन घेतलं, अंगठ्याने एक-दोन सुपाऱ्या दाबून पाहिल्या.

"ही केवढ्याला?"